तुम्ही विचारलंत म्हणून: तिथे धावणार कोण?

पुण्या-मुंबईकडच्या शर्यतीत कुणाशी ओळख झाली आणि मी धुळ्याची, लळिंगच्या डोंगरात धावण्याचा उपक्रम घेते, असं कळलं, की पुढचा प्रश्न ठरलेला असतो. ‘खान्देशात? त्या उन्हात? तिथे धावणार कोण?’ विचारणाऱ्याच्या मनात वाईट काही नसतं. पण मला दर वेळी वाटतं, की याचं उत्तर नीट बसून द्यायला हवं.

मी धावायला लागले २०१८ साली, वयाच्या छत्तिसाव्या वर्षी. शाळेत शिकवते, त्यामुळे वेळ मिळायचा तो पहाटेचाच. शहरातल्या रस्त्यावर माणसं वळून वळून बघायची. मग स्कूटी काढून लळिंग गाठायचा परिपाठ पडला. धुळ्याहून जेमतेम दहा किलोमीटर, मुंबई-आग्रा महामार्गाला लागूनच. वर खान्देशच्या फारुकी सुलतानांच्या काळातला किल्ला, खाली कुरण. या कुरणात लांडोर बंगला आहे. ३१ जुलै १९३७ रोजी डॉ. बाबासाहेब आंबेडकर इथे आले होते, म्हणून दरवर्षी त्या तारखेला इथे माणसांची रीघ लागते. एरवी पहाटे मी, तितर आणि वारा.

डोंगरात धावणं म्हणजे काय, हे मला या कुरणाने शिकवलं. बाभळीचा काटा बुटाच्या तळव्यातून आरपार येतो. दिवाळीनंतर गवत वाळलं, की कुसळं मोज्यात घुसतात आणि घरी येऊन अर्धा तास ती उपसत बसावं लागतं. पावसाळ्यात काळी माती बुटाला अशी चिकटते, की पाय दुप्पट जड होतात. आणि आमच्या भागाची खास गोष्ट म्हणजे जमिनीतून वर आलेल्या कातळाच्या भिंती. लाव्हा भेगांत शिरून थिजला, भोवतीचा मऊ दगड झिजून गेला आणि या भिंती उभ्या राहिल्या, साधारण पूर्व-पश्चिम पसरलेल्या, धुळ्यापासून नंदुरबारपर्यंत. त्यांच्या माथ्यावरून धावता येत नाही, कडेकडेने वाट काढावी लागते.

ती वाट मला दाखवली एका म्हाताऱ्या गुराख्याने. पहिल्यांदा दिसले तेव्हा त्यांनी काळजीने विचारलं होतं, ‘का वं माय, कोनी मांगे लागनं का?’ कुणी मागे लागलं नाही, मी अशीच धावते, हे त्यांना पटायला महिना गेला. पटल्यावर मात्र कुठल्या ओहोळाला कधीपर्यंत पाणी असतं, कुठे दगड सुटा आहे, कुठल्या उतारावर गुरंसुद्धा जपून उतरतात, ते सगळं त्यांनी सांगितलं. मी त्यांना बाबाच म्हणते.

आता मुख्य गोष्ट. थंडीत साडेचारला निघायचे, तेव्हा महामार्गाच्या कडेला स्कूटीच्या उजेडात माणसं दिसायची. पांढऱ्या पट्टीवरून धावणारी पोरं. ओढणी कमरेला गच्च बांधलेल्या पोरी, कुणाच्या पायात भावाचे बूट. सगळी भरतीची तयारी करणारी. पोलीस भरतीत मुलांना १६०० मीटर आणि मुलींना ८०० मीटर धावावं लागतं, आणि काही सेकंदांवर गुण जातात. म्हणून ही पोरं अंधारात उठून ट्रकांच्या शेजारून धावत होती. त्यांतली एक माझी जुनी विद्यार्थिनी निघाली. चौथीत ती माझ्या वर्गात दुसऱ्या बाकावर बसायची. कित्येक महिने मी तिच्या शेजारून स्कूटीने गेले होते आणि तिला ओळखलं नव्हतं. याचं मला आजही वाईट वाटतं.

त्याच हिवाळ्यात जवळच्या गावातल्या एका मुलाला गाडीने उडवलं. जीव वाचला, पाय मोडला, भरती हुकली. पुढच्या रविवारी मी अकरा पोरापोरींना घेऊन कुरणात गेले. मुलींच्या आयांची अट होती, की आम्हीही येणार. त्या आल्या, साडी खोचून चालू लागल्या आणि पहिल्याच चढावर मला मागे टाकून गेल्या. दिवसभर वाकून कापूस वेचणाऱ्या, डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन बांधावरून चालणाऱ्या बायका त्या. त्यांना चढाचं काय!

तिथून उपक्रम उभा राहिला. डिसेंबर २०२२ मध्ये पहिल्यांदा रीतसर ८ किलोमीटरची फेरी आखली. वनविभागाची परवानगी, ग्रामपंचायतीचं पत्र, रुग्णवाहिका, सगळं केलं. ६१ जण आले, त्यांत २३ बायका. वेळ ठरवली ती कापसाच्या वेचणीवर. पहाटे पावणेसहाला सुरू, साडेआठला संपवायचं, कारण नंतर आयांना शेतात जायचं असतं. वाटेवर फक्कीने बाण काढले आणि झाडांना रंगीत कागदाच्या पट्ट्या बांधल्या. त्या पट्ट्या आदल्या संध्याकाळी शेळ्यांनी खाल्ल्या. आता आम्ही जुन्या साड्यांच्या चिंध्या उंच फांदीला बांधतो आणि संपल्यावर मोजून काढून आणतो.

पण त्या दिवशी माझी खरी चूक पाण्याची झाली. डिसेंबर आहे, पहाटे पारा १० अंशांच्या खाली आहे, एवढं पाणी कोण पिणार, असा माझा हिशोब. किल्ल्याच्या पायथ्याचं पाणी शेवटच्या पंधरा जणांपर्यंत उरलंच नाही. एका मुलीला भोवळ आली. थंडीतही अंगातलं पाणी आणि मीठ घामावाटे जातच असतं, हे मला ठाऊक होतं, तरी मी हात आखडला. बाबांनी आपल्याजवळचं पाणी तिला पाजलं आणि सावलीत बसवलं. त्या रात्री मला झोप आली नाही.

मला सारखी चीनमधली शर्यत आठवत होती. २२ मे २०२१, गान्सू प्रांत, १०० किलोमीटरची डोंगरातली शर्यत. हवा अचानक फिरली, गारपीट आणि झंझावाती वारा सुटला. वाऱ्यापासून वाचवणारं जाकीट जवळ बाळगण्याची सक्ती नव्हती, बहुतेक जण अर्ध्या चड्डीत होते. १७२ पैकी २१ जण गेले. सहा जणांना एका मेंढपाळाने आपल्या गुहेत नेऊन, शेकोटी पेटवून वाचवलं. आयोजकांकडे नकाशे होते, तरी त्या सहा जणांना वाचवलं ते डोंगरात रोज वावरणाऱ्या माणसाने.

म्हणून आमच्याकडे पहिली बैठक गुराखी आणि मेंढपाळांसोबत होते. वाट ते ठरवतात. प्रत्येक वळणावर त्यांच्यातला एक जण उभा असतो, आणि त्याला आम्ही त्या दिवसाची मजुरी देतो. दर दोन किलोमीटरला पाणी, आणि सोबत एक लिटरला सहा सपाट चहाचे चमचे साखर, अर्धा चमचा मीठ घालून केलेलं सरबत. सुटताना वहीत नाव, परतताना त्याच नावापुढे खूण. दोन्ही आकडे जुळल्याशिवाय मी मैदान सोडत नाही. सगळ्यांच्या मागून मी स्वतः चालते. फेब्रुवारीनंतर उपक्रम नाही, कुणी कितीही आग्रह केला तरी. आमचं ऊन मला माहीत आहे.

पदकं आम्ही ठेवली नाहीत. ते पैसे जेवणावर जातात: बडगीत, म्हणजे लाकडी उखळीत ठेचलेलं हिरव्या मिरचीचं वांग्याचं भरीत, ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी, कांद्याची पात. शहरातून येणाऱ्यांकडून वर्गणी घेतो, गावातल्यांकडून नाही.

गेल्या वेळी १४० नावं होती. माझी ती विद्यार्थिनी आता खाकी वर्दीत आहे. सुट्टी काढून आली होती, पण धावली नाही. महामार्ग ओलांडायच्या जागी अंधारात शिट्टी घेऊन उभी राहिली आणि शेवटची बाई पलीकडे जाईपर्यंत हलली नाही. ती शेवटची बाई तिची आई होती, आणि मी तिच्यासोबत चालत होते.