अंड्याचा पास्ता आणि ओलाव्याशी झटापट

फेटलेलं अंडं ओट्याच्या कडेवरून ओघळत माझ्या पावलावर पडलं, तेव्हा पास्त्याच्या पहिल्या प्रयत्नाला जेमतेम चार मिनिटं झाली होती. कृती वाचताना वाटलं होतं, मैदा आणि अंडी, दोनच तर जिन्नस! यात चुकायला आहेच काय?

चुकायला बरंच काही आहे. चार रविवार घालवल्यावर सांगतोय.

मला करायचा होता तो उत्तर इटलीतल्या एमिलिया-रोमान्या भागातला पास्ता. आपण पाकिटातून आणतो तो वाळवलेला पास्ता ड्युरम गव्हाचा रवा आणि पाणी यांचा असतो. हा वेगळा. यात मऊ गव्हाचा तलम मैदा आणि अख्खी अंडी, पाण्याचा थेंबही नाही. पारंपरिक पद्धतीत पिठात मीठ नाही, तेलही नाही. मीठ जातं ते उकळत्या पाण्यात. मळून पातळ लाटलेल्या पानाला तिकडे स्फोल्या म्हणतात. त्याच्या बोटाहून अरुंद पट्ट्या कापल्या की ताल्यातेल्ले.

प्रमाण सगळीकडे एकच दिलेलं असतं: १०० ग्रॅम मैद्याला एक अंडं. मी ३०० ग्रॅम मैदा ओट्यावर ओतला, मधे आळं केलं आणि त्यात तीन अंडी फोडली. मग काट्याने अंडी फेटत फेटत आतल्या बाजूने थोडा थोडा मैदा ओढून घ्यायचा. माझं आळं अरुंद होतं आणि भिंत एका बाजूला अगदीच पातळ. काट्याचा एक फटका तिथे बसला, बांध फुटला आणि पुढचं वर सांगितलंच आहे. आता मी तळहात मावेल एवढं रुंद आळं करतो आणि दुसरा हात भिंतीला बाहेरून टेकवून ठेवतो. ज्याला हेही नको त्याने सरळ परातीत कालवावं, चवीत काडीचाही फरक पडत नाही.

खरी चूक मात्र त्याच्या पुढची होती. पीठ हाताला चिकटायला लागलं म्हणून मी घाबरून वरून मैदा टाकत गेलो, एक मूठ, मग आणखी एक. पाच मिनिटांनी हातात दगड होता. त्याला भेगा पडत होत्या आणि तळहाताने दाबला तर तो तसूभरही हलत नव्हता. तो मी तसाच लाटला, म्हणजे लाटायचा प्रयत्न केला. जाड पट्ट्या निघाल्या, सात-आठ मिनिटं शिजवूनही मधे कच्च्या राहिल्या. लेकीने एक उचलून कमरेशी धरली. "बाबा, याला बक्कल कुठंय?"

दुसऱ्या रविवारी मी अंड्यांचं वजन केलं. कवचाशिवाय एकेक ४४ ग्रॅम भरलं! 'एक अंडं' या मापात ही एवढी गफलत लपलेली असते. अंडं छोटं असेल तर ४४ ग्रॅम, मोठं असेल तर ५५च्या पुढे. तीन अंड्यांत तीसेक ग्रॅम ओलावा कमी-जास्त झाला की पिठाचं सगळं गणित फिरतं. तेव्हापासून मी अंडी मोजत नाही, तोलतो: १०० ग्रॅम मैद्याला ५५ ग्रॅम अंडं. कमी पडलं तर आणखी एका अंड्यातलं चमचाभर. आणि पूर्ण मैदा एकदम आत घेतच नाही. पाच-सहा चमचे बाजूला ठेवतो, पीठ मागेल तेवढाच देतो.

मळणं हे कष्टाचं काम आहे, कठीण नाही. तळहाताच्या मुळाने पुढे रेटायचं, दुमडायचं, पाव फेरा फिरवायचं, पुन्हा रेटायचं. पहिली तीन-चार मिनिटं हे पीठ कधी एकजीव होईल असं वाटतच नाही. वर खडबडीत, आत ओलं-कोरडं. सातव्या-आठव्या मिनिटाला कधीतरी ते बदलतं. हाताला चिकटणं सुटतं, पृष्ठभाग गुळगुळीत होतो, आणि बोट रुतवलं तर खड्डा हळूहळू भरून येतो. मी दहा-बारा मिनिटं मळतो. मग घट्ट झाकून अर्धा तास बाजूला. ही विश्रांती वाचवता येत नाही. मळून मळून पिठातलं ग्लुटेन, म्हणजे त्याला चिवटपणा देणारं प्रथिन, ताणलेलं असतं, तेव्हा लगेच लाटायला घेतलं तर पान रबरासारखं मागे आक्रसतं. अर्ध्या तासाने तोच गोळा कानाच्या पाळीसारखा मऊ लागतो आणि मुकाट्याने पसरतो.

लाटण्याचं यंत्र मिळतं हे मला माहीत आहे. माझ्या हट्टाचं कारण म्हणजे हाताने लाकडावर लाटलेल्या पानाला बारीकसा खरबरीत पोत येतो आणि सॉस त्याला धरून राहतो. यंत्राच्या गुळगुळीत रुळांतून निघालेल्या पानाला तो तसा येत नाही. म्हणून ओटा सोडून मी लाकडी टेबलावर आलो. बोलोन्यात, म्हणजे त्या भागाच्या मुख्य शहरात, हे काम करणाऱ्या बायकांना स्फोल्यीना म्हणतात. त्यांची लाटणी चांगली हातभर लांब असतात. माझं आखूड, त्यामुळे ३०० ग्रॅमचा गोळा मी दोन भागांत लाटतो आणि दुसरा भाग झाकून ठेवतो.

यात युक्ती एकच, खाली दाबायचं नाही, पुढे ढकलायचं. मधून सुरुवात करून कडेपर्यंत जायचं, पण कडेवरून लाटणं उतरवायचं नाही, नाहीतर कडा कागदासारखी आणि मधला भाग जाड राहतो. दर वेळी पाव फेरा. पान टेबलभर झालं की त्याची वरची कड लाटण्याला गुंडाळायची, आणि लाटणं पुढे-मागे फिरवताना दोन्ही तळवे मधून बाहेर सरकवत न्यायचे. पान रुंदीत ताणलं जातं. पहिल्यांदा हे जमलं तेव्हा मी उगाचच तीनदा जास्त केलं. खालची कड टेबलावरून थोडी लोंबू द्यायची, तिच्या वजनानेही पान ताणतं आणि एकीकडे धरूनही राहतं. भोक पडलं तर घाबरायचं नाही, कडेचा तुकडा लावून लाटणं फिरवलं की बुजतं. बोलोन्यात सांगतात, पानातून पलीकडे टेकडीवरचं सान लुकाचं देऊळ दिसायला हवं. मी खाली रेघांचं फडकं धरतो. रेघा मोजता आल्या की थांबतो.

तर दुसऱ्या रविवारी पीठ जमलं, पान जमलं, रेघाही दिसल्या. मी खुशीत पान गुंडाळलं आणि सपासप कापलं. प्रत्येक काप एक चक्री झाला, आणि ती चक्री सुटेना! ओलं पान स्वतःलाच चिकटलं होतं. बोटांनी उलगडायला गेलो तर तुटत होतं. पाण्यात टाकलं तर चक्र्या तशाच तरंगत वर आल्या.

कृतींमध्ये या टप्प्याला एक ओळ मिळते: 'पान थोडं सुकू द्या.' थोडं म्हणजे किती? तिसऱ्या रविवारी मी हुशारी केली आणि पंखा लावला. दहा मिनिटांत कडा कडक झाल्या, मधला भाग ओलाच. घडी घालताच कडा तडकल्या आणि टेबलावर चुरा पडला. वैताग आला होता, खोटं कशाला सांगू. तोच चुरा उकळून आम्ही लोण्याबरोबर खाल्ला, आणि चव इतकी सुरेख होती की जास्तच वैताग आला.

चौथ्या वेळी पंखा बंद ठेवला आणि पानाजवळ बसून राहिलो. पान फडक्यावर पसरलं, दहा मिनिटांनी उलटलं. त्याच्या कडा फडक्याच्या दुसऱ्या टोकाने झाकल्या, म्हणजे मधला भाग त्यांना गाठेल. दर पाच मिनिटांनी हाताची मागची बाजू टेकवून बघत होतो. आधी गार आणि दमट लागतं. मग गारवा राहतो पण दमटपणा जातो. त्यावेळी पान उचललं की ते कापडासारखं लोंबत नाही, मऊ चामड्यासारखं अंग धरतं आणि हलवलं तर अगदी हलका फडफड आवाज करतं. त्या दिवशी याला एकूण बावीस मिनिटं लागली. दमट हवेत जास्त लागतील, कोरड्या हवेत कमी. घड्याळाकडे बघण्यात अर्थ नाही.

मग ड्युरमचा बारीक रवा भुरभुरवून सैल घडी घातली, तीन-चार पदरांची. सुरी धारदार हवी, आणि सरळ खाली दाबायची, करवतीसारखी ओढायची नाही. रुंदीचं म्हणाल तर बोलोन्याच्या वाणिज्य मंडळात १९७२ पासून एक सोन्याची ताल्यातेल्ला, म्हणजे एकच पट्टी, जपून ठेवलेली आहे. शिजल्यावर तिची रुंदी ८ मिलिमीटर भरावी, म्हणजे तिथल्या असिनेल्ली मनोऱ्याच्या उंचीचा १२,२७०वा भाग! कच्ची पट्टी त्याहून जराशी अरुंद कापावी, कारण शिजताना ती फुगते. कापल्या कापल्या लगेच मोकळ्या करून हातावर गुंडाळून घरटी केली. यावेळी प्रत्येक पट्टी सुटली.

शिजवण्याबद्दल फार सांगण्यासारखं नाही. मोठ्या पातेल्यात भरपूर पाणी, लिटरला सुमारे दहा ग्रॅम मीठ, खळखळ उकळी. जादाचा रवा झटकून टाकायचा, नाहीतर पाणी फेसाळून उतू जातं. दीड-दोन मिनिटांत एक पट्टी चाखायची. पाणी ओतून देण्याआधी त्यातलं वाटीभर काढून ठेवायचं. पसरट पॅनमध्ये लोणी, त्यात पास्ता, वर ते पिठाळ पाणी थोडं थोडं. हलवत राहिलं की लोणी आणि पाणी एकजीव होऊन दाटसर चकाकी येते. मग गॅस बंद करून किसलेलं पार्मेजान चीज.

उरलेली घरटी बाहेर ठेवू नयेत, कच्चं अंडं आहे. फ्रिजमध्ये एका दिवसात माझी करडी-हिरवट पडली. तो रंग हवेशी संपर्क आल्याने चढतो, पण बघून जीव खालीवर होतो. आता त्याच दिवशी फ्रीझरमध्ये टाकतो आणि न वितळवता थेट उकळत्या पाण्यात सोडतो.

कडेच्या वेड्यावाकड्या तुकड्यांना इटालियनमध्ये माल्ताल्याती असं नाव आहे, म्हणजे 'वाईट कापलेले', आणि ते घेवड्याच्या सूपमध्ये घालायची तिथे रीत आहे. माझ्या पहिल्या तीन रविवारच्या मालाला आधीच नाव होतं तर! चौथ्या रविवारी लेक जेवायला बसली ती कंपासपेटीतली पट्टी घेऊन. एक ताल्यातेल्ला ताटाच्या कडेवर सरळ केली, डोळा बारीक करून मोजली.

"अकरा मिलिमीटर आहे, बाबा."

"खा."