लेकराला दुभाष्या करू नका

सोलापूरच्या पूर्व भागात एका गल्लीत तेलुगू, कन्नड, मराठी, उर्दू सगळं चालतं, बाजारात कुणाचं काही अडत नाही. पण मनाचं दुखणं घेऊन डॉक्टरपुढं बसलं की अडतं, आणि लई वाईट अडतं.

आमच्या शेजारच्या अक्का विड्या वळतात. मागं त्यांना झोप लागेना, छातीत धडधड, डोकं सारखं जड, ईसीजी झाला रक्त तपासलं सगळं नॉर्मल, शेवटी एका डॉक्टरनं मानसोपचारवाल्यांकडं पाठवलं. मी सोबत गेले. अक्कांचं मराठी भाजी घेण्यापुरतं, म्हणून सातवीतलं पोरगं सांगायला बसलं. डॉक्टर बोलायला चांगले होते, पण बाहेर ही मोठी लाईन. त्यांनी विचारलं, जीव द्यावासा वाटतो का? पोरानं हे आईला विचारलंच नाही, आपणच पटकन "नाही" म्हणून मोकळा झाला. मला तेलुगू बऱ्यापैकी कळतं म्हणून लक्षात आलं, नाहीतर तेच "नाही" केसपेपरवर गेलं असतं. तेरा वर्षाच्या लेकरानं असला प्रश्न आईला विचारायचा तरी कसा सांगा! आणि नवऱ्याच्या दारूचं अक्का त्याच्यासमोर काय बोलणार?

2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यात स्पष्ट आहे की सरकारी उपचार परवडणारे, जवळ मिळणारे हवेत, धर्म जात संस्कृती बघून भेद नको, आणि आजाराची माहिती पेशंटला कळेल अशा भाषेत द्यायची. 2015-16 ला 12 राज्यांत राष्ट्रीय सर्वेक्षण झालं त्यात डिप्रेशन, एन्झायटीसारख्या आजारांच्या 100 पैकी 85 लोकांना उपचारच मिळत नाहीत असं निघालं. आमच्या गल्लीकडं बघून मला ते पटतं.

कारण पैशाचंपण आहे. मजुरी हजार विड्यांवर मिळते, एक दिवस ओपीडीत गेला की त्या दिवसाची चूल त्यातच गेली. शहराबाहेर कुंभारीला विडी कामगारांची घरकुल वसाहत आहे, तिथून येणारीला रिक्षाभाडं वेगळं. गोळ्यांचा गुण यायला दोन-चार आठवडे लागतात आणि पुढच्या तारखेला बाई जातच नाही, वर पोरीचं लग्न ठरायचंय, कुणी बघितलं तर काय म्हणतील ही भीती आहेच.

माझं म्हणणं एवढंच की बायका जिथं जातातच तिथं ही सोय न्या. विड्या द्यायला त्या कारखान्यात जातात, तिथं आठवड्यातून एकदा तेलुगू बोलणारी समुपदेशक बाई बसवा, दार लावता येईल अशी एक खोली द्या. गोळ्या महिन्याभराच्या आणि जवळच्या मनपा दवाखान्यातच मिळू देत. याच भागातल्या शिकलेल्या, दोन-तीन भाषा घरातच येणाऱ्या पोरी आहेत की, त्यांना नीट ट्रेनिंग द्या, आणि पगार द्या, फुकट सेवा म्हणून नको.

तोवर 14416 हा टेलि-मानस या सरकारच्या मानसिक आरोग्य हेल्पलाइनचा नंबर आहे, 2022 पासून चालू, फुकट, रात्री-अपरात्री कधीही लागतो आणि तेलुगू, कन्नड, उर्दू, मराठीत बोलता येतं. एका खोलीत सहा माणसं असली की बोलायचं कुठं हा प्रश्न राहतोच, म्हणून अक्का आमच्या गच्चीवर येऊन बोलल्या, चांगला वेळ बोलल्या. तुमच्या शेजारी कुणी असेल तर नंबर सांगा, आपली भाषा चालते हेपण सांगा, आणि जमलं तर बोलण्यापुरती आपली एखादी खोली द्या.