उतारावरच्या सहा रात्री

सहा रात्री आम्ही तिरपे झोपलो. त्या दिवसांत मुक्कामाची जागा निवडताना मी एकच गोष्ट बघत होते: जमीन उताराची आहे का आणि पुढे रस्ता मोकळा आहे का. पाणी, सावली, शांतता सगळं मागे पडलं. सकाळी सेल्फ मारला की मोटरहोम, म्हणजे आमचं चाकांवरचं घर, चालू होईल याचा भरवसा उरला नव्हता, आणि साडेतीन टनांची गाडी मी आणि सत्तरी ओलांडलेले बाबा मिळून ढकलणं शक्यच नव्हतं. उतारावर मात्र हँडब्रेक काढायचा, गाडीने थोडा वेग घेतला की दुसऱ्या गिअरमध्ये क्लच सोडायचा, आणि इंजिन चालू व्हायचं. तेवढ्या काही क्षणांत ब्रेक दगडासारखा कडक लागतो आणि स्टीअरिंग वळता वळत नाही, कारण दोन्हींना मदत करणारं इंजिन बंद असतं. बाबा शेजारच्या सीटवर दोन्ही हातांनी दरवाजाची मूठ धरून बसायचे. एकदाही कुरकुर केली नाही त्यांनी. पण तिसऱ्या रात्रीनंतर त्यांची कंबर धरली, आणि ते मला त्यांच्या उठण्याबसण्यातून कळत होतं.

प्रवास एकूण सोळा दिवसांचा. पहिले नऊ दिवस फार चांगले गेले, त्यांच्याबद्दल पुन्हा कधीतरी.

दहाव्या दिवशी सकाळी चावी फिरवली तर सेल्फने, म्हणजे इंजिन फिरवणाऱ्या मोटरने, अर्धा फेरा घेतला, कण्हल्यासारखा आवाज केला आणि थांबला. दुसऱ्यांदा नुसतं 'टक'. पाचव्यांदा कशीबशी चालू झाली. तशातच दोनेक दिवसांपासून राहत्या भागातले दिवे रात्री लवकर मंद होत होते. आमच्या गाडीत दोन बॅटऱ्या आहेत, एक इंजिनची आणि एक घराची. इंजिन चालू झालं की मधला रिले, म्हणजे आपोआप लागणारा स्विच, दोन्ही जोडतो आणि अल्टरनेटर, म्हणजे इंजिनवर फिरून वीज तयार करणारं यंत्र, दोघींना चार्ज करतो. सकाळचा सेल्फ आणि रात्रीचे दिवे या मी दोन वेगळ्या तक्रारी धरल्या. गाडी जुनी आहे, दोन गोष्टी एकदम बिघडू शकतात, असं मनाला समजावलं.

पहिल्या मेकॅनिकने बॉनेट उघडलं आणि पाच मिनिटांत सांगितलं, बॅटरी गेली. बॅटरी बदलली. दोन सकाळी ठीक गेल्या, तिसऱ्या सकाळी पुन्हा तेच. दुसऱ्याने इंजिन चालू असताना बॅटरीवर मीटर लावला. १३.० व्होल्ट. चालू गाडीत बॅटरीवर साधारण १३.८ ते १४.४ दिसायला हवेत, त्यामुळे अल्टरनेटर गेला हा त्याचा निष्कर्ष मला पटला. अल्टरनेटर बदलला. नव्या अल्टरनेटरवरही बॅटरीवर १३.०च. "जुन्या गाड्यांचं असंच असतं," असं म्हणून त्याने बॉनेट बंद केलं. या वाक्याचा मला अजून राग येतो. गाडी जुनी असली तरी वीज तिच्यातून त्याच नियमाने वाहते, आणि नवा सुटा भाग टाकून आकडा तसूभरही हलत नसेल तर दोष त्या भागात नव्हता एवढं तरी मान्य करायला हवं होतं. माझीही चूक आहेच. काढलेला अल्टरनेटर मी परत मागितला नाही, आणि तो पूर्ण चांगला होता.

पंधराव्या दिवशी संध्याकाळी नदीकाठच्या एका मोकळ्या माळावर पोचलो. चार-पाच गाड्या उभ्या होत्या. मी नेहमीप्रमाणे सपाट जागा सोडून कडेचा उतार गाठला. शेजारच्या मोटरहोममधल्या काकू बघत होत्या. जवळ येऊन म्हणाल्या, "अगं, एवढी सपाट जागा सोडून तिरपी का लावलीस?"

मी सगळं सांगितलं. त्यांनी मध्ये एकदाही तोडलं नाही. मग एकच प्रश्न विचारला, "सेल्फ मारताना हेडलाइट मंद होतात का?"

ते मी कधी पाहिलंच नव्हतं. अंधार पडायला आला होता. हेडलाइट लावले, काकू समोर जाऊन उभ्या राहिल्या, मी चावी फिरवली. सेल्फ कण्हला आणि अडकला. दिवे लख्ख.

"मग बॅटरीत दम आहे," काकू म्हणाल्या. "तो सेल्फपर्यंत पोचत नाहीये."

बॅटरी खरोखर उतरलेली असेल तर सेल्फ ओढायला लागला की तिचा व्होल्टेज खाली बसतो आणि दिवे मंद होतात. इथे दिव्यांना काही फरकच पडत नव्हता. इतकी साधी परीक्षा, मीटरसुद्धा लागत नाही, आणि ती करायला मला सहा दिवस लागले.

त्यांनी आपल्या गाडीतून मीटर आणला. गिअर न्यूट्रल, हँडब्रेक ओढलेला. बाबा चावीवर बसले आणि मी टॉर्च धरला. गाडी बंद असताना बॅटरीवर १२.६, म्हणजे जवळपास भरलेली. सेल्फ मारताना ११.७. डिझेल इंजिन फिरवताना निरोगी बॅटरी याहून बरीच खाली येते, कारण सेल्फ दीडशे-दोनशे अँपिअर किंवा त्याहून जास्त ओढतो. इथे तो पुरता ओढूच शकत नव्हता. मग काकूंनी मीटरची काळी लीड, म्हणजे वायर, बॅटरीच्या निगेटिव्ह टर्मिनलवर ठेवली आणि लाल लीड थेट इंजिनच्या उघड्या धातूवर टेकवली. "आता बघ. तसं पाहिलं तर हे दोन्ही एकच टोक आहे. इथे शून्याच्या जवळ काहीतरी दिसायला हवं."

बाबांनी चावी फिरवली. मीटरवर ४.१.

पॉझिटिव्हच्या बाजूला ०.४ जात होते, तेवढं चालतं. पण ११.७ मधले ४.१ परतीच्या वाटेवरच खर्च होत होते. सेल्फला मिळत होते जेमतेम ७.२. इंजिन रबरी माउंटिंगवर बसलेलं असतं आणि रबरातून वीज जात नाही. म्हणून इंजिन आणि चासी, म्हणजे गाडीचा लोखंडी सांगाडा, यांच्या मध्ये तांब्याच्या विणीची एक जाड पट्टी असते, अर्थिंगची. सेल्फचा सगळा करंट तिच्यातून बॅटरीकडे परततो. ही पट्टी खराब झाली की करंट दुसरी वाट शोधतो.

"ॲक्सिलरेटरच्या केबलला हात लावून बघ," काकू म्हणाल्या.

केबल चक्क गरम होती. बोटांना तिचं प्लॅस्टिकचं आवरण एका जागी मऊ लागलं. आठवडाभर ॲक्सिलरेटरचं पेडल जड झालंय असं मी बाबांना सांगत होते आणि धूळ अडकली असेल म्हणून सोडून देत होते! सेल्फचा करंट त्या बारीक केबलमधून घर शोधत होता.

मग त्यांनी जंपर केबल आणली. तिचं एक टोक बॅटरीच्या निगेटिव्हला आणि दुसरं इंजिन उचलायच्या लोखंडी कडीला. "मार आता." सेल्फ असा फिरला की बाबा दचकले. इंजिन पहिल्याच झटक्यात चालू.

काकूंनी तेवढ्यावर सोडलं नाही. जंपर काढून घेतला आणि मीटरच्या लीड तशाच ठेवल्या, लाल इंजिनवर आणि काळी निगेटिव्हवर. मला हेडलाइट आणि घरातले सगळे दिवे लावायला सांगितले. मीटरवर आकडा आला १.१, पण त्याच्या आधी उणे चिन्ह होतं. ते चिन्ह बघताना माझ्या डोक्यात सगळं जुळलं. सेल्फ मारताना करंट इंजिनकडून बॅटरीकडे परततो. गाडी चालू झाली की अल्टरनेटर मालक होतो आणि करंट त्याच पट्टीतून उलट्या दिशेने इंजिनकडे येतो. पट्टी एकच. सकाळी ती सेल्फची ताकद खात होती आणि दिवसभर चार्जिंग. अल्टरनेटर स्वतःच्या अंगावर १४.३ देत होता, त्यातले १३.० बॅटरीपर्यंत पोचत होते. म्हणून इंजिनची बॅटरी कधी पूर्ण भरत नव्हती, आणि रिलेपलीकडची घराची बॅटरी तर त्याहून उपाशी.

दुरुस्ती दुसऱ्या दिवशी उजेडात केली. आधी दोन्ही बॅटऱ्यांचे निगेटिव्ह सोडवले, कारण दोन बॅटऱ्यांच्या गाडीत एकच सोडवली तर दुसरी जिवंत राहते. १३ च्या पान्याने चासीकडचा बोल्ट सैल केला तर पट्टीची वीण हातात सुटून आली. वरून काळी दिसत होती, आत हिरवी भुकटी. सात-आठ तारा शाबूत असतील. बोल्टखालच्या चासीवर रंग होता आणि रंगाखाली गंज. काकूंनी आपल्याकडची ३५ चौरस मिलिमीटर जाडीची, टोकांना बोल्टसाठी कडी (लग) लावलेली केबल दिली. मी पॉलिश पेपरने चासी चकचकीत होईपर्यंत घासली, दातेरी वॉशर घातला, केबल आवळली आणि वरून ग्रीस लावलं. त्यांना बदल्यात काय देऊ विचारलं तर म्हणाल्या, "तुझ्याकडे एक जादा केबल ठेव. कोणाला तरी लागेल."

पुन्हा मोजलं. सेल्फ मारताना इंजिन आणि निगेटिव्हमध्ये ०.१. चालू गाडीत बॅटरीवर १४.१.

त्या रात्री मी गाडी माळाच्या मधोमध लावली. बाबांनी टेबलावर पेन्सिल ठेवली आणि हात काढून घेतला. पेन्सिल जागची हलली नाही. "झोपतो आता," म्हणाले आणि खरंच नऊच्या आत झोपले. मी बराच वेळ दारात बसून होते, नदीचा आवाज पहिल्यांदाच नीट ऐकत. ॲक्सिलरेटरची केबल अजून जडच आहे, ती बदलायची राहिली आहे.