टोपीपायी

दर दिवाळीच्या आवराआवरीत आजोबांची काळी टोपी कपाटातून निघते, झटकली जाते आणि पुन्हा आत जाते. यंदा ती हातात असताना जुन्या मराठी कागदपत्रांतला ‘टोपीकर’ हा शब्द आठवला. गोऱ्या व्यापाऱ्यांना डोक्यावरून ओळखणाऱ्या आपल्या पूर्वजांना, त्याच टोप्यांपायी दूर एका खंडाची वाटणी चालली आहे, हे कुठून ठाऊक असणार?

सतराव्या शतकात लंडन-पॅरिसच्या प्रतिष्ठितांना हॅट हवी असे ती बीव्हर या पाण्याकाठी राहणाऱ्या कुरतडणाऱ्या प्राण्याच्या लवेची. या प्राण्याच्या राठ केसांखालच्या दाट लवेचे तंतू एकमेकांत घट्ट अडकतात आणि पावसातही आकार न सोडणारा नमदा तयार होतो. युरोपातले बीव्हर जवळजवळ संपल्यावर नजर कॅनडाकडे वळली. तिथेही विशेष मागणी होती ती मूळ रहिवाशांनी अंगावर वापरून जुन्या केलेल्या कातड्यांना, कारण त्यांचे राठ केस घासून आधीच झडलेले असत. (जुनेराला नव्याहून अधिक भाव, हे कोणत्याही बोहारणीला पटले नसते.)

परवान्याविना आणलेल्या कातड्यांवर आपल्याच गव्हर्नरने जबर दंड बसवला, तेव्हा रादिसाँ आणि ग्रोसेये या फ्रेंच व्यापाऱ्यांनी सरळ टोपी फिरवली आणि इंग्लंडचा राजा गाठला. हा राजा दुसरा चार्ल्स, म्हणजे १६६८ मध्ये वर्षाला दहा पौंडांवर मुंबई ईस्ट इंडिया कंपनीला देणाराच. १६७० मध्ये त्याने हडसनच्या उपसागराला मिळणाऱ्या नद्यांचा सारा मुलूख हडसन्स बे कंपनीला बहाल केला. बदल्यात राजाला द्यायचा खंड, म्हणजे भाडे: दोन एल्क हरणे आणि दोन काळे बीव्हर, तेही राजा तिथे आला तरच. तिथे राहणाऱ्यांना अर्थातच कोणी विचारले नाही.

बीव्हर आपला ओढा सहसा सोडत नाही. त्यामुळे एक खोरे रिकामे झाले की व्यापारी पुढच्या खोऱ्यात, आणि त्याच्या पाठोपाठ किल्ला आणि झेंडा. ओहायोच्या खोऱ्यावरून १७५४ मध्ये इंग्रज-फ्रेंचांची जुंपली आणि १७६३ च्या तहात फ्रान्सने कॅनडा गमावला. मला मात्र सर्वांत थक्क करते ती १८२० च्या दशकातली हडसन्स बे कंपनीची चाल: अमेरिकन शिकाऱ्यांनी पश्चिमेकडे फिरकूच नये म्हणून स्नेक नदीच्या प्रदेशातले बीव्हर मुद्दाम मारून संपवायचे. तरीही १८४६ मध्ये अमेरिका आणि ब्रिटिश मुलूख यांच्यातली सीमा एकोणपन्नासाव्या अक्षांशावरच ठरली, म्हणजे स्नेकचा प्रदेश अमेरिकेकडेच गेला, आणि तोवर शौकिनांच्या डोक्यावर रेशमी हॅट आली होती.

१८७० मध्ये राजाने कंपनीला दिलेला तो मुलूख तीन लाख पौंडांना कॅनडाकडे गेला. त्यानंतर शंभर वर्षांनी, १९७० मध्ये, राणी एलिझाबेथ विनिपेग परिसरात आली, तेव्हा कंपनीने तिला खंड म्हणून दोन जिवंत बीव्हर दिले.