‘ख’पाशी थांबलेली जीभ

मी बेळगावच्या एका रुग्णालयात वाचा-उपचारतज्ज्ञ म्हणून काम करते. तोतरेपणासाठी येणारी माणसे पहिल्या भेटीत अडणारे शब्द चुकवीत, वळसे घालीत बोलतात. गेल्या पावसाळ्यात आईबरोबर आलेल्या २३ वर्षांच्या एका तरुणाने असा एक वळसा सांगितला, की तो माझ्या मनातून जात नाही. तो रोज खानापूरहून बेळगावला कामाला येतो. संध्याकाळी परतताना कंडक्टरने कानडीत ‘एल्लिगे?’ (कुठे?) विचारले की ‘खानापूर’ हा शब्द त्याच्या तोंडून निघत नाही, म्हणून तो नंदगडची गाडी धरतो, नंदगडचे तिकीट काढतो आणि अलीकडे खानापूरला उतरतो. तीन वर्षे तो हे जादा पैसे भरत होता. आई शेजारीच बसली होती आणि तिलाही ही गोष्ट तेव्हाच कळली.

“ल्हानपणापासून जीभ जड हाय बघा मॅडम ह्याची,” एवढेच ती पुन्हा पुन्हा म्हणत राहिली. वेखंड उगाळून चाटवून झाले होते. पाचव्या वर्षी कोण्या दवाखान्यात जिभेखालचा तंतूही कापून घेतला होता. तो तंतू आखूड असला तर काही उच्चार बिघडू शकतात, पण तोतरेपणाचे ते कारण नव्हे, आणि हे त्या माउलीला तेव्हाच कोणीतरी सांगायला हवे होते, याचा मला आजही राग येतो. घरी मराठी आणि शाळेत कानडी, त्यामुळे पोरगा गोंधळला, असेही भावकीतल्यांनी सांगून ठेवले होते. आपल्या सीमाभागातली बहुतेक मुले दोन-तीन भाषांतच वाढतात आणि त्यामुळे कोणी तोतरे होत नाही. तोतरेपणा बहुधा दोन ते पाच या वयात सुरू होतो, त्यात आनुवंशिकतेचा वाटा असतो, आणि मेंदू बोलण्याच्या हालचालींची जी वेळ साधतो तिच्याशी त्याचा संबंध असतो. हे मी त्या दोघांना समजावून सांगितले, पण आईची नजर मुलाच्या तोंडावरून हलली नाही.

बोलताना जिभेची हालचाल अल्ट्रासाऊंडवर पाहता येते हे मी वाचले होते. एडिंबरोच्या क्वीन मार्गारेट विद्यापीठात तोतरेपणा असलेल्या माणसांच्या जिभेची हालचाल याच पद्धतीने मोजली गेली आहे. आमच्याकडे यंत्र होते, पण ते उचलून माझ्या खोलीत आणणे शक्य नव्हते, कारण गर्भलिंगनिदानाला बंदी घालणाऱ्या १९९४ च्या कायद्यामुळे प्रत्येक यंत्र ठरलेल्या जागेवर नोंदलेले असते. रुग्णालयाच्या समितीची परवानगी आणि तरुणाची लेखी संमती घेऊन, एका दुपारी सगळे रुग्ण संपल्यावर आम्ही सोनोग्राफीच्या खोलीत गेलो. दारावर कायद्याप्रमाणे लावलेला, इथे गर्भलिंगनिदान होत नाही असे सांगणारा कानडी-इंग्रजी फलक पाहून आई उंबऱ्याशीच थांबली. जिभेची सोनोग्राफी असते हे तिला पटायला थोडा वेळ लागला.

रेडिओलॉजिस्ट डॉक्टरांनी त्याच्या हनुवटीखाली जेली लावून प्रोब, म्हणजे यंत्राचा ध्वनिलहरी सोडणारा भाग, टेकवला. ध्वनिलहरी जिभेच्या मांसातून वर जातात आणि जिभेवरची हवा लागली की परत फिरतात, त्यामुळे काळ्या पडद्यावर जिभेचा पृष्ठभाग एका पांढऱ्या कमानदार रेषेसारखा दिसतो. टाळू एरवी दिसत नाही, म्हणून घोटभर पाणी प्यायला दिले. गिळताना जीभ टाळूला भिडते आणि क्षणभर टाळूची रेघ उमटते. जबड्याच्या हाडाच्या सावलीत जिभेचे टोक मात्र बहुतेक हरवते. त्यामुळे ‘नंदगड’मधला ‘न’ आम्हाला नीट दिसला नाही. ‘ख’साठी जिभेचा मागचा भाग उचलला जातो आणि तो या चित्रात सर्वांत स्वच्छ दिसतो.

मी ‘खानापूर’ म्हणायला सांगितले. तो अडकला. मान ताठ झाली, डोळे मिटले, खोलीत आवाज नाही. पडद्यावरची रेषा मात्र केव्हाच वर जाऊन टाळूला टेकली होती आणि तिथे बारीक थरथरत थांबली होती. नंतर आम्ही ते चित्रण एकेक चौकट करून पाहिले. सेकंदाला ३० चौकटी होत्या. सहज बोलताना ‘ख’साठी जीभ टाळूला चिकटून राहते ती सेकंदाचा सुमारे दहावा भाग, म्हणजे तीनेक चौकटी, इथे ६८ चौकटी मोजल्या. पण जागा तीच होती, अगदी जिथे असायला हवी तिथे. अडले होते ते तिथून सुटून ‘आ’कडे निघणे. त्याने स्वतः पडद्यावर बोट ठेवले आणि अडखळत म्हणाला, “जीभ तर बरोबर जाग्यावर जाऊन बसलीया की मॅडम.”

एका माणसाच्या एका दुपारच्या चित्रावरून सिद्धांत मांडता येत नाही. प्रोब हातात धरलेला होता. नेमकी मापे घ्यायची तर तो डोक्याला पक्का बांधणारे शिरस्त्राण लागते. स्वरयंत्रात त्या वेळी काय चालले होते तेही या चित्रात दिसत नाही, आणि ‘ख’सारख्या महाप्राणाच्या, म्हणजे श्वासाच्या जोराने उच्चारल्या जाणाऱ्या व्यंजनाच्या बाबतीत ते महत्त्वाचे असते. तरीही ती रेषा पाहताना मला वाटले, की वर्षभर समजावूनही जे पटले नसते ते त्या दोन सेकंदांत दिसले.

मग मी त्याच्याबरोबर एका सुरात ‘खानापूर’ म्हटले. एकत्र बोलताना तोतरेपणा बहुतेकांचा तात्पुरता ओसरतो, आणि तसेच झाले. रेषा उठली, टेकली, खाली आली. आम्ही ते पाच वेळा म्हटले आणि पाचही वेळा ती वेळेवर निघाली.

आई आतापर्यंत भिंतीशी उभी होती. ती पुढे आली, त्या थांबलेल्या चित्राकडे बराच वेळ पाहत राहिली आणि हळूच विचारले, “मग ते कापून घेतलो ते?”

मी खरे तेच सांगितले, की त्याची गरज नव्हती, पण त्यामुळे त्याचे बोलणे बिघडलेलेही नाही. ती काही बोलली नाही. तिने पदराच्या टोकाने त्याच्या हनुवटीखालची जेली पुसली, लहान मुलाचे तोंड पुसतात तशी, आणि त्यानेही तिला पुसू दिली.