मांडा की आर्धीच

सिनेमावाल्यांच्या यादीत माझ्या नावापुढं 'बोली मार्गदर्शक' असं लिहिलेलं असतं. नटांच्या तोंडात इकडची भाषा बसवायची, हे माझं काम. लोकांना वाटतं शब्द बदलले की झालं, पण शब्द सगळ्यात शेवटी येतात. मुंबईच्या नटांना ओळी रोमन लिपीत लिहून देतात. तिथं 'ल' आणि 'ळ' एकच, त्यामुळं 'काल' आणि 'काळ'सुद्धा एकच. मी प्रत्येक 'ळ'खाली लाल शाईनं टिंब देते. मग 'ज' येतो. 'माणसाची जात' यातला ज वेगळा आणि 'घरी जात होते' यातला वेगळा. हिंदीत वाढलेली जीभ दोन्ही एकाच जागी टेकते, ती हलवायला आठ-आठ दिवस लागतात. शिवाय मराठवाड्याची बोली काही एक नाही. परभणीकडं 'करायलो', लातूर-उदगीरकडं 'करूलालो', बीड-जालन्याकडं 'मपलं-तुपलं'. मोठ्या बजेटच्या मंडळींना मात्र 'गावरान' नावाची एकच भाषा हवी असते. त्यांच्या लेखी 'म्या' आणि 'लई' घातलं की गाव उभं राहतं.

हा सिनेमा बहात्तरच्या दुष्काळावरच्या एका कादंबरीवर होता. मी ती कादंबरी तीनदा वाचली होती. माझी आई त्या साली दुष्काळी कामावर खडी फोडायला होती. मिलो नावाच्या ज्वारीच्या लाल भाकरी, कामावर वाटायची ती सुकडी, हे सगळं मी तिच्याकडून ऐकत वाढले. हातोडी बसून तिच्या डाव्या अंगठ्याचं नख वाकडं झालं होतं, ते शेवटपर्यंत तसंच राहिलं. म्हणून हे काम आलं तेव्हा पैसे न विचारताच मी हो म्हणाले.

लातूरजवळच्या औशाच्या पुढं माळावर सेट लागला होता. दोन क्रेन, ड्रोन, तीनशेवर माणसं. मुरलेल्या माणसाला पहिल्याच नजरेत दिसत होतं की खडी क्रशरची आहे, सगळी एका मापाची. हातानं फोडलेली खडी अशी नसते. तिच्यात कपच्या निघतात, एखादा दगड मोठाच राहतो, आणि मुकादम नेमका तोच दाखवून मोजमाप कापतो. बायकांच्या अंगावरची लुगडी ठिगळं लावलेली होती, तीही रंगीत आणि चौकोनी. त्या काळी लुगडं मधेच विरलं की विरलेला भाग काढून टाकायचे, उरलेले दोन तुकडे एकमेकांना शिवायचे, आणि तेच पुन्हा नेसायचे. त्याला दंड घालणं म्हणतात. दंडाची शिवण उन्हात वाकलेल्या बाईच्या अंगावर लांबून दिसते. मी कपडेपटाच्या मुलीला सांगितलं. तिनं मन लावून ऐकलं, मोबाईलवर लिहूनही घेतलं. पण दीडशे लुगडी आधीच तयार होती.

त्या दिवशीचा प्रसंग कादंबरीत दीड पानांचा आहे. लेकरू तापलेलं म्हणून बाई उशिरा कामावर येते आणि मुकादम तिची अर्धी हजेरी कापतो. ती एवढंच म्हणते, "मांडा की आर्धीच." मग बोटांना चिंध्या गुंडाळते आणि दगडाला बसते. चिंधीची गाठ दातानं ओढते. पुढचं अख्खं पान फक्त हातोडीचं आहे. माझ्या मते ती कादंबरी या दीड पानावर उभी आहे.

सकाळी सात वाजता सहायक दिग्दर्शकानं माझ्या हातात नवीन कागद दिला. त्या एका वाक्याच्या जागी हिंदीत लिहिलेल्या चौदा ओळी. बाई हातोडी उगारते, मुकादमाला सुनावते, मागं दीडशे बायका उभ्या राहतात, क्रेन वर जाते. नऊच्या आत बोलीत करून हवं होतं. त्यातली एक ओळ होती, 'काम हा आमचा कायद्यानं हक्क आहे.' मी म्हणाले, गोष्ट बहात्तरची आहे, रोजगार हमीचा कायदा १९७७ चा. तो म्हणाला, "मॅडम, थिएटरमध्ये कोण तारीख बघतं?" माणूस कष्टाळू आहे, चार रात्री झोपला नव्हता. पण प्रेक्षकाला इतकं कमी लेखणारी ही सवय त्या धंद्यात वरपासून खालपर्यंत मुरली आहे.

पुस्तकाला हात लावू नये असं माझं म्हणणं नाही. अरुण साधूंच्या दोन कादंबऱ्या एकत्र करून तेंडुलकरांनी 'सिंहासन'ची पटकथा लिहिली, जब्बार पटेलांनी १९७९ मध्ये सिनेमा केला, आणि आजही तो बघताना काही हरवलंय असं वाटत नाही. बदल करणाऱ्याला आधी माणूस कळलेला असावा लागतो. ही बाई भांडत नाही, कारण उद्याही तिला याच मुकादमापुढं उभं राहायचं आहे. हे दिग्दर्शकांना सांगायला गेले. त्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाले, "ताई, तीनशे लोकांचा दिवस आहे. ती गप्प बसली तर मी क्रेन कशावर वर नेऊ?"

मग मी बसले आणि लिहिलं. मन लावून लिहिलं, हेच मला अजून छळतंय. 'मी दगड फोडूलाले, भीक न्हाई मागूलाले' या ओळीवर नायिकेचा सूर एकदाही चुकला नाही. बाई गुणी आहे. तिनं माझ्याकडून प्रत्येक ळ घोटून घेतला. तिसऱ्या टेकला सगळ्या माळानं टाळ्या वाजवल्या. मोबाईल धरून कुंपणाशी दाटलेल्या आमच्याच गावच्या पोरांनी शिट्ट्या मारल्या. भाषा इतकी खरी होती की खोटी बाईही खरी वाटायला लागली, आणि ते मी केलं होतं.

गर्दीत बसवलेल्या बायकांमध्ये सत्तरी ओलांडलेली एक मावशी होती. बहात्तरला तीही खडीवर होती. जेवणाच्या सुट्टीत तिनं मला जवळ बोलावून विचारलं, "बाई, एवढं बोलल्यावर मुकादमानं हिला दुसऱ्या दिवशी कामावर घेतलं का?" मी म्हणाले, "सिनेमाय मावशी." ती म्हणाली, "ते कळतंय की मला. पर घेतलं का?" मी पाण्याचा ग्लास तिच्यापुढं ठेवला आणि उठले.

संध्याकाळी व्हाउचरवर सही केली, घरी आले. कादंबरी काढून ते पान पुन्हा वाचलं. दोन ओळी वाचून मिटवलं.

पुढच्या महिन्यात मुंबईला डबिंग आहे, मला बोलावलंय. त्या प्रसंगात क्रेन वर जाताना नायिकेची पाठ कॅमेऱ्याकडं आहे. तिथं ओठ दिसत नाहीत, म्हणजे शेवटच्या पाच ओळी काढून टाकता येतात, नुसता हातोडीचा आवाज ठेवता येतो. ते पान झेरॉक्स करून बॅगेत ठेवलंय. दिग्दर्शकांपुढं ठेवणार आहे आणि तेवढ्या पाच ओळी मागणार आहे.