घरी अखंड बोलणारे मूल वर्गात गप्प का होते

आपले मूल शाळेत चकार शब्द काढत नाही, हे ऐकून पालकांचा प्रथम विश्वासच बसत नाही. आणि घरातील त्याच्या बडबडीचे ध्वनिमुद्रण ऐकवले, तर शिक्षिकेचाही बसत नाही. मग दोन्हीकडून निष्कर्ष एकच निघतो, तो म्हणजे मूल हट्टी आहे. बालवाडीत शिकवताना मी जे पाहत आले, त्यावरून हा निष्कर्ष मला साफ चुकीचा वाटतो. अशा मुलाला प्रश्न विचारल्यावर त्याच्याकडे नीट पाहावे: खांदे आखडतात, चेहरा निर्विकार होतो, नजर एका जागी खिळते आणि हातातला खडूसुद्धा हलायचा थांबतो. हट्ट करणारे मूल असे गोठत नाही.

या अवस्थेला आज सिलेक्टिव्ह म्युटिझम म्हणतात, म्हणजे एरवी बोलणाऱ्या मुलाला ठरावीक ठिकाणी बोलताच न येणे. आडोल्फ कुसमाऊल या जर्मन वैद्याने १८७७ मध्ये तिचे वर्णन केले, तेव्हा माणूस स्वेच्छेने गप्प राहतो असेच मानले गेले होते. ही समजूत फार काळ टिकली. २०१३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या डीएसएम-५ या मानसोपचारातील वर्गीकरणात मात्र सिलेक्टिव्ह म्युटिझमचा समावेश चिंताविकारांत करण्यात आला. निदानासाठी हे मौन किमान एक महिना टिकलेले असावे लागते आणि शाळेचा पहिला महिना त्यात धरत नाहीत, कारण नव्या जागी बुजणे किंवा शाळेची भाषा अजून न येणे ही निराळी बाब आहे.

ही भीती वाढते ती बहुधा आपल्या चांगुलपणामुळे. कोणी तरी प्रश्न विचारते, मूल गोठते, शांतता असह्य होते आणि शेजारचे मोठे माणूस "लाजतोय हो तो" असे म्हणून स्वतःच उत्तर देऊन टाकते. त्याने मुलाची सुटका होते, तशी मोठ्यांचीही होते. पण गप्प राहिले की सुटका होते, हा धडा मुलाच्या मनात दर खेपेला अधिक पक्का होत जातो. वर्गमित्र तर "बाई, ती बोलतच नाही" हे इतक्या तत्परतेने सांगतात, की तीच तिची ओळख होऊन बसते. उलट टोकाला जाऊन दटावणे किंवा बक्षिसाचे आमिष दाखवून बोलायला लावणेही तितकेच निरुपयोगी, कारण आमिष हासुद्धा दबावच असतो.

उपयोग होतो तो पायरीपायरीने जाण्याचा. शाळा सुटल्यावर रिकाम्या वर्गात आई आणि मूल चित्रकोडे जुळवत बसतात आणि मूल आईशी मोकळेपणाने बोलू लागते. शिक्षिका आधी बाहेर व्हरांड्यात असते, मग दाराशी पाठमोरी वह्या तपासत बसते, मग दोन बाकांच्या अंतरावर येते आणि मुलाचा आवाज दबला की एक पायरी मागे जाते. ती खेळात सामील झाली, की आई हळूहळू बाजूला होते. यात कित्येक आठवडे जाऊ शकतात, आणि शाळांची घाई इथेच नडते.

प्रश्न विचारण्यापूर्वी काही काळ नुसते मुलाच्या शेजारी बसून, त्याच्या चेहऱ्याकडे न पाहता, ते काय करत आहे याविषयी बोलत राहावे. नंतर "निळा हवा का?" असे विचारले, तर मान डोलावून भागते, "निळा की लाल?" असे विचारले, तर एका शब्दाला वाव मिळतो. विचारून झाल्यावर मनात पाच अंक मोजावेत आणि तोवर कोणीही मध्ये बोलू नये. सर्वांत कठीण मला हेच वाटते.

पहिला शब्द आला, की कौतुक बेताचे करावे. माझ्या एका सहकारी शिक्षिकेच्या वर्गातील मुलीने हजेरीला प्रथमच "हजर" म्हटले, तेव्हा साऱ्या वर्गाने टाळ्या वाजवल्या, आणि त्यानंतर कित्येक दिवस ती पुन्हा नुसता हात वर करत राहिली.

एक गोष्ट मात्र पायऱ्यांसाठी थांबू शकत नाही. अशी मुले स्वच्छतागृहात जायचे आहे हेही सांगू शकत नाहीत आणि दिवसभर लघवी दाबून धरतात, म्हणून दाखवण्यासाठी एक कार्ड किंवा ठरलेली खूण त्यांना पहिल्याच दिवशी द्यावी. महिना उलटूनही मौन कायम असेल, तर बालमानसतज्ज्ञांना दाखवावे. "मोठे झाले की बोलेल" म्हणून वर्षे घालवू नयेत. वर्ग बदलताना जुन्या शिक्षिकेने नव्या शिक्षिकेला सारे समजावून सांगावे आणि शाळा सुरू होण्यापूर्वीच मुलाला तो रिकामा वर्ग आईसोबत एकदोनदा वापरू द्यावा.